चिंचेच्या पोटातलं पक्कं घर

तुम्ही काय करता, असं झाशीत कोणी विचारलं की मी सरळ सांगते, झाडं छाटते. त्यावर समोरचा माणूस हमखास आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग म्हणतो, "अच्छा, म्हणजे बागकाम!" इथे माझं डोकं फिरतं. बागकाम वाईट नाही हो, पण माळी झाड वाढवतो, आम्ही वाढलेल्या झाडाचं दुखणं बघतो. वाळकी फांदी छपरावर लोंबत असेल, खोड पोकळ झालं असेल, वाऱ्यात झाड कुरकुरत असेल, तर लोक आम्हाला बोलावतात. निदान शहाणे लोक बोलावतात. बाकीचे कुऱ्हाडवाल्याला बोलावतात.

आमचं घर खंडेराव गेटच्या आत. पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच होऊन बसले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि झाडाखाली बुंदेली, असं माझं बोलणं दिवसातून तीनदा कपडे बदलतं. शेतकी कॉलेज संपवून मी हा उद्योग सुरू केला तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. "मुलगी शिकली ती झाडावर चढायला का?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. तिनं उगाच जीव जाळला. पहिली वीस वर्षं मी झाडावर चढलेच नाही. मी खाली उभी राहून मान वर करून बोलायची, आणि चढायचे कक्का.

बुंदेलीत काकाला कक्का म्हणतात. हे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत, पण आमच्या टोळीचे खरे मालक तेच. साठी ओलांडलेली, अंगावर मांस नाही, मिश्या मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. मला ते बिन्नू म्हणतात, म्हणजे लेक किंवा धाकटी बहीण, जे समजायचं ते समजा. त्यांचे दोन पुतणेही चढतात. आणि चार वर्षांपूर्वी आमच्यात येऊन मिळाले ते इंजिनिअर साहेब. मूळचे पुण्याकडचे, इथल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि तरुणपणी सह्याद्रीतले कडे चढलेले. दोऱ्या, गाठी, पट्टे ही त्यांची बाजू. ते मला ताई म्हणतात, आणि मी "दोरी धरून घ्या ना जी" म्हटलं की दरवेळी हसतात. माझी मराठी त्यांना लोणच्यासारखी वाटते म्हणे, जुनी आणि हिंदी मसाल्याची. वाटू दे.

सकाळी काम सुरू करण्याआधी आम्ही गेटाबाहेरच्या टपरीवर चहा पितो. त्या अर्ध्या तासात जेवढं भांडण होतं तेवढं माझ्या सासरीही कधी झालं नाही. फांदी कुठे कापायची, यावर तर आमची महाभारतं झाली आहेत. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखी वळी असते, मनगटावर बांगडी असावी तशी. ती वळी झाडाची औषधाची डबी. तिच्या आत कापलंत तर जखम भरत नाही, फार बाहेर कापलंत तर खुंटी उरते आणि ती कुजत आत जाते. कक्कांचं म्हणणं एका ओळीत मावतं: खुंटीही नको, खड्डाही नको. जड फांदी असेल तर पहिला घाव खालून, दुसरा थोडा पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर तिसरा वळीपाशी. खालचा घाव विसरलात तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते, केळ्याची सोलावी तशी. हे मी नुसतं सांगत नाही, आमच्या हातून झालेलं आहे. कोणाच्या हातून ते विचारू नका, इंजिनिअर साहेबांना वाईट वाटेल.

मग झाडांच्या स्वभावावर गप्पा. शिरीषावर दोरी टाकायची नाही, तो वरून हिरवा आणि आतून दगाबाज. गुलमोहर म्हणजे नुसता थाट, वारा आला की हातपाय टाकतो. निलगिरी भर उन्हात, पान हलत नसताना फांदी सोडून देते, म्हणून तिच्या सावलीत जेवायला बसायचं नाही. शिसवाचं कौतुक सगळे करतात, पण त्याचा भुसा नाकात गेला की दोन दिवस शिंका. चिंच मात्र सगळ्यांची लाडकी. चिंच वाकेल, कुरकुरेल, दहा आंध्या अंगावर घेईल, पण बसल्या जागेवरून उठणार नाही. लोक म्हणतात चिंचेवर भूत असतं. कक्का म्हणतात, असेलही, भुतालाही मजबूत घर लागतं.

आणि डांबर! कापलेल्या जागी डांबर फासायची लोकांना कोण हौस. माणसाच्या जखमेला मलम, तसं झाडाला डांबर. झाडाचं तसं नसतं. माणसाची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती भिंत घालतं, तिला आतच कोंडतं आणि तिच्यावरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजातल्या जुन्या पुस्तकात होतं की झाडाची ढोली विटा-सिमेंटनं भरून काढावी, दाढ भरतात तशी. आता तो किस्सा सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

आमच्या टोळीचा एक कायदा आहे, कक्कांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालेला: जो चढ़े सो बोले. झाडावर जो चढला आहे, झाडाबद्दलचा शब्द त्याचा. खालच्यांनी दोरी सांभाळायची, पाणी वर पाठवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कारण खालून झाड दिसत नाही, झाडाची पानं दिसतात. कायदा सोपा आहे आणि तो मोडल्याचं उदाहरण एकच. मोडणारी मी.

माझं पहिलं मोठं काम सिविल लाइंसमधल्या एका मुलींच्या शाळेत होतं. शाळेच्या अंगणात एक प्रचंड चिंच. वीसेक फुटांवर, जिथे खोडाच्या तीन मोठ्या शाखा होतात त्याच्या जरासं खाली, एक जुनी फांदी कोणीतरी कधीतरी चुकीची कापली होती आणि तिथे ढोली पडली होती. कक्का वर गेले, बघून म्हणाले, कुजका भुसा काढा आणि उघडं राहू द्या, वारा लागू द्या. मी नुकती पास झालेली, माझ्याकडे पुस्तक होतं. मी खालून हुकूम सोडला, विटा आणि सिमेंट भरा. कक्का वरून म्हणाले, "पेड़ के पेट में मकान नईं बनत, बिन्नू." मी म्हटलं, बनतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खाली आले, बादलीत माल कालवला आणि माझं घर बांधून दिलं. अगदी गुळगुळीत, गवंड्यानं करावं तसं.

दोन-तीन वर्षांत मला कळलं की मी काय करून ठेवलंय. सिमेंट हलत नाही आणि झाड हलतं, त्यामुळे दोघांमध्ये फट पडते, फटीतून पाणी जातं आणि ते आत कोंडून राहतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कानाला खडा लावला, पुन्हा कुठल्याही झाडात सिमेंट घातलं नाही. पण त्या शाळेत जाऊन ते काढावं, असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही. म्हणजे मला तिथे जाऊन माझी चूक सांगावी लागली असती. कक्का मात्र विसरले नाहीत. चहा पिताना मधूनच अगदी निरागस चेहऱ्यानं विचारायचे, "काए बिन्नू, तुमाए पक्के मकान को का हाल है?" आणि पुतणे खुसुखुसु हसायचे.

मागच्या साली एप्रिलच्या शेवटी त्याच शाळेतून फोन आला. एक आंधी येऊन गेली होती. शाळेमागच्या निलगिरीची फांदी सायकल स्टँडवर पडली होती. मुली वर्गात होत्या म्हणून वाचल्या, सायकली चपट्या झाल्या. शाळेच्या कमिटीनं घाबरून ठरवलं की आवारातलं प्रत्येक जुनं झाड पाडायचं. परवानग्याही मिळवल्या. सोमवारी आरेवाले, म्हणजे करवतीनं झाडं पाडणारे, येणार होते. प्राचार्या बाईंना चिंचेचं वाईट वाटत होतं, पण त्यांचंही बरोबर होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "शनिवार दोपहर तक लिखकर दे दीजिए कि पेड़ मज़बूत है, तो मैं कमेटी से लड़ लूँगी. वरना बच्चियों का सवाल है."

मी फोन ठेवला. त्या चिंचेला आजार कोणी लावला होता, हे मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं शाळेत पोचलो. दोन्ही पुतणे लग्नाला गरौठ्याला गेले होते, ते मंगळवारशिवाय येणार नव्हते. कक्कांनी पिशवीतून लाकडी मोगरी काढली आणि खोडाभोवती फिरत ठोकायला सुरुवात केली. चांगलं लाकूड टणटण बोलतं. खालचं खोड तसंच बोललं. मग मोगरी लांब बांबूला बांधून त्यांनी वर ढोलीच्या अंगाला ठोकलं, आणि तिथे आवाज आला डब्ब. ओल्या पोत्यावर मारावं तसा. त्यांनी पुन्हा मारलं. डब्ब. त्यांनी बांबू खाली ठेवला आणि गुडघा चोळत बाकावर बसले.

"वर जाऊन बघायला पाहिजे," इंजिनिअर साहेब म्हणाले.

मी कक्कांकडे पाहिलं. त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. होळीपासून तो गुडघा वाकत नव्हता, घरच्यांनी न चढायची शपथ घातली होती. साहेब तर दोरी सांभाळायला खालीच लागणार होते. मी म्हटलं, मग आता कोण? कक्कांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मकान जीने बनवाओ, वोई देख आए."

म्हणजे मी. मला आधी वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. हिवाळ्यात इंजिनिअर साहेबांनी कारखान्याच्या वसाहतीतल्या बागेत मला हौस म्हणून दोरीवर चढायला शिकवलं होतं, तेही बारा फूट उंचीच्या आंब्यावर, खाली पालापाचोळ्याची गादी घालून. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा तो खेळ होता. मी म्हटलं, हे वीस फूट आहे, माझं वय काय, माझं वजन काय! साहेब म्हणाले, "ताई, वजनाचं दोरीला सांगा, ती ऐकेल." आणि त्यांनी पट्टे बाहेर काढले.

दुखऱ्या बाजूच्या शाखेवर दोरी टाकायची नाही, हा पहिला धडा. म्हणून त्यांनी वाळूची छोटी पिशवी सुतळीला बांधून पलीकडच्या निरोगी शाखेवरून फेकली. पहिल्या खेपेला ती चिंचांच्या घोसात अडकली, दुसऱ्यांदा कक्कांच्या चहाजवळ पडली, तिसऱ्यांदा बरोबर बेचक्यातून गेली. मग दोघांनी मिळून त्या दोरीला लोंबकळून बघितलं. शाखा हलली नाही. मी हेल्मेट घातलं, ओढणी सोडून बॅगेत टाकली, आणि कमरेला माझी हत्यारं अडकवली: हातोडी, छिन्नी, गिरमिट, सायकलचा एक लांब स्पोक आणि घरून आणलेली लोखंडी पळी. पळी पाहून प्राचार्या बाईंनी काही विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच.

पहिले आठ फूट मी देवाचं नाव घेतलं. पुढचे आठ फूट मी साहेबांना शिव्या घातल्या, अर्थात मनात. खालून कक्का सारखे म्हणत होते, "पाँव खों अपनो काम करन दो, ऊपर देखो." आणि मग एकदम मी पानांच्या आत गेले. चिंचेला तेव्हा नवी पालवी आलेली असते, पोपटी, इतकी बारीक की ऊन तिच्यातून गाळून येतं. बाहेर झाशी तापायला लागली होती आणि आत गार होतं. वरच्या फांदीवर एक पोपट बसून चिंच खात होता, त्यानं मला पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागले. वीस वर्षं मी ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांच्या घरात मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. साहेब खालून ओरडले, "काय झालं ताई?" मी म्हटलं, काही नाही, छान आहे इथे.

मग मी वळले आणि समोर माझं घर होतं.

झाडानं ते गिळायला घेतलं होतं. सालीची जाड वळी चारी बाजूंनी सिमेंटवर चढत आली होती, लहान मूल नको असलेला घास ओठ मिटून अडवतं तशी. मधला सिमेंटचा तुकडा परातीएवढा उरला होता आणि त्याला बोट जाईल एवढी भेग पडली होती. मी छिन्नी लावून हातोडी मारली. दोन घावांत एक ढलपा निघाला, मग दुसरा. तुकडे मी पिशवीत भरून दोरीनं खाली सोडत गेले. मग विटा आल्या. त्यांच्यामागून आंबट वासाचा काळा, ओला भुसा आला, पळीनं काढला तर संपेना. पळीवर पळी, मी काढतेच आहे. हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. आता हात पलीकडून बाहेर येतो की काय असं मला वाटायला लागलं, आणि मघाचा सगळा आनंद पळाला. हे मी केलं होतं. कोणी दुसऱ्यानं नाही, वाऱ्यानं नाही, किड्यानं नाही.

शेवटी पळी खट्ट करून थांबली.

मी स्पोक घेतला. पोकळीच्या आतून बाहेरच्या बाजूला टोचत न्यायचा, जिथे लाकूड मेलंय तिथे तो लोण्यात जावा तसा जातो, जिवंत लाकडापाशी अडतो. उत्तरेला अडला. पूर्वेला अडला. खाली अडला. पश्चिमेला, म्हणजे जिकडे शाळेची इमारत आणि ज्याच्याखाली मुली डबा खातात तो पार होता, तिकडे तो आत गेला. एक बोट, दोन बोटं, चार बोटं, आणि मग अडला.

आता बाहेरून किती लाकूड उरलं आहे ते बघायचं. झाडाला भोक पाडायला मला आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता. मी वळसा घालून बाहेरच्या बाजूला आले आणि गिरमिट फिरवायला लागले. भुशाकडे बघायचं असतं. काळा, ओला आला तर खेळ संपला. साल गेली, आणि पिवळसर, कोरडा, कुरकुरीत भुसा यायला लागला. हात भरून आले तरी पिवळाच. मग थोडा तपकिरी, तोही कोरडा. गिरमिट वीतभर आत गेलं तेव्हा कुठे आतली कड लागली. म्हणजे सगळ्यात दुबळ्या जागी वीतभर चांगलं लाकूड होतं, आणि बाकी सगळीकडे त्याहून जास्त. डब्ब आवाज करत होता तो माझा ओला भुसा आणि माझ्या विटा. झाडानं वीस वर्षं माझ्या मूर्खपणाभोवती भिंत घातली होती आणि स्वतः पुढे वाढलं होतं.

पण वीतभर पुरे का? पुस्तकात नियम असतात, आणि पुस्तकानं मला एकदा तोंडघशी पाडलं होतं. वाचवायच्या हौसेनं मी चुकीचं बोलले तर खाली मुली असणार होत्या. घाबरून तोडा म्हटलं तर माझ्या चुकीची शिक्षा झाडाला. मी खाली वाकून हाक मारली, "कक्का! पश्चिमेला एक बित्ता लाकूड आहे! काय करू?"

कक्का बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हात हलवला. "हम तौ नैंचें बैठे. हमें का दिखात."

"अहो, बोला ना!" मी चिडून ओरडले.

"जो चढ़े सो बोले," असं म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला.

त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की पिशवीतली एक वीट खाली टाकावी. मी फांदीला पाठ टेकून बसले. पश्चिमेकडच्या शाखेचं टोक इमारतीच्या छतापर्यंत गेलं होतं, तेवढं ओझं तिथे कशाला? टोकाकडून तिसरा हिस्सा हलका केला तर वाऱ्याला धरायला कमी उरेल. मी तिन्ही शाखांच्या सांध्यांवरून हात फिरवला. कुठे नवी भेग नाही, कुठे साल दुमडलेली नाही. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, अख्खं झाड हललं, मी त्याच्याबरोबर हलले, आणि माझ्या पाठीखाली काहीही कुरकुरलं नाही. मी आणखी दोन झुळका येईपर्यंत तिथे बसले. मग माझं ठरलं.

मी हिंदीत ओरडले, म्हणजे प्राचार्या बाईंना समजावं. म्हटलं, झाड राहील. पश्चिमेची शाखा मंगळवारी हलकी करू, ढोली उघडी ठेवू, तोवर पाराभोवती दोरी बांधून मुलींना लांब ठेवा. आणि हेही सांगते की हे सिमेंट माझ्या सांगण्यावरून भरलेलं होतं, ती चूक माझी होती, झाडाची नाही.

प्राचार्या बाई डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या. "लिखकर देंगी?"

"दूँगी."

"और कल को गिर गया तो?"

याला मी काय उत्तर देणार? कोणतंही झाड कधीच पडणार नाही, असं लिहून देणारा माणूस एकतर खोटारडा असतो नाहीतर नवशिका.

तेव्हा कक्का उठले. बशी बाकावर ठेवली. एका हातानं गुडघा धरत, लंगडत, ते त्या पाराकडे गेले, बरोबर पश्चिमेच्या शाखेखाली. वर माणूस काम करत असताना खाली कोणी जायचं नाही, हे आमच्याकडून घोकून घेणारे तेच. सकाळी तो डब्ब आवाज आपल्या कानांनी ऐकणारेही तेच, आणि कक्का आपल्या कानांपुढे देवाचंही ऐकत नाहीत. त्यांनी खांद्यावरचा गमछा पारावर अंथरला, त्याच्यावर उताणे झाले, हाताची घडी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले.

प्राचार्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, त्याच शाखेच्या सावलीत आणून ठेवली, आणि गुडघ्यावर फाइल उघडून पेनाचं टोपण काढलं.

मला वर रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, आणि मी ते लपवलंही नाही, कारण लपवायला पोपटाशिवाय कोणी नव्हतं. दोरी धरलेले साहेब खालून हळूच म्हणाले, "ताई, उतरवू का आता?"

"थांबा ना जी जरा," मी म्हटलं.